सांबरगडचे साठलेले मुजरे

सांबरगड संस्थान विलीन झाले त्या दिवसापासून तिथल्या मानकरी पथकाचे मुजरे, एक सोडला तर, कोणी स्वीकारलेले नाहीत, त्यामुळे ते साठत गेले आहेत. न स्वीकारलेला मुजरा जागच्या जागी वाकून राहतो. उचलून दुसरीकडे ठेवता येतो, पण मोडत नाही.

पथकाचे जमादार तुळाजीराव खराडे रोज सकाळी सातला पाच जवानांसह रिकाम्या गादीपुढे वाकत आणि झालेले सहा मुजरे आत नेऊन ठेवत. दरबार भरला, हत्तीखाना भरला. यंदाच्या चैत्रापासून ते घरी आणावे लागले.

"अहो, पिठाच्या डब्यात हात घालावा तर आत मुजरा," त्यांच्या पत्नी इंदुमतीबाई कावल्या. "आठ दिवसांत लेक बाळंतपणाला यायचीय. तिची खाट काय डोक्यावर टाकू?"

तुळाजीरावांनी महाराजांच्या नातवाला पुण्याला फोन लावला.

"काका, माफ करा," नातू म्हणाला. "मागे एक घेतला होता. आठवडाभर मान वळेना. मला रोज मोटरसायकल चालवायची असते."

मग ते कचेरीत गेले. तिथल्या ढोबळेबाईंनी मुजरे नष्ट करण्याचा त्यांचा अर्ज दोनदा वाचला.

"मुजरा नाशवंत आहे?"

"नाही."

"मग नष्ट करता येणार नाही. स्वीकारणारा आणा."

"आता महाराज कुठून आणू, बाई?"

ढोबळेबाईंनी नियम काढला. "महाराजच हवेत असं नाही. व्यक्ती जिवंत असावी आणि बसलेली असावी. एवढंच आहे."

"हे इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही?" तुळाजीराव कडाडले.

"कुणी विचारलं नाही."

ते तणतणत घरी आले. इंदुमतीबाई दिवाणावर बसून लसूण सोलत होत्या.

"उठू नकोस," ते म्हणाले आणि कपाटामागचा एक मुजरा त्यांच्यापुढे आणून ठेवला. इंदुमतीबाईंनी मान किंचित हलवली. मुजरा सरळ झाला आणि नाहीसा झाला.

"आणखी आहेत ना?" त्यांनी विचारले.

दिवेलागणीपर्यंत दोन्ही खोल्या मोकळ्या झाल्या. वाहून वाहून तुळाजीरावांच्या कमरेचा काटा ढिला झाला. ते खुर्चीत कोसळले.

"चहा टाक गं."

इंदुमतीबाईंची मान वळली नाही. "तुम्ही टाका. आणि जमादार, हत्तीखान्यातले उद्या सातला येऊ द्या."

तुळाजीराव उठले. त्या साखर किती घेतात, हे लग्नाच्या चाळीस वर्षांत त्यांनी प्रथमच विचारले.