गच्चीवरचा होकार

"वाट द्या होऽ! पुरुषमाणूस वर येतंय!"

सी अय्याद जिन्यातूनच ओरडले आणि समोरच्या पडक्या मिनारावरचा करकोचा ताडकन उठला, पिल्लांवर पंख धरून त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला. रोजच्यासारखाच. सी अय्यादांकडे त्या करकोच्याच्या शेपटीचे आतापर्यंत दोनशे बारा फोटो जमले होते.

दोष ना करकोच्याचा, ना त्यांचा. कसर-अल-कबीर गावात गच्ची बायकांची. तिथे कपडे वाळतात, केसांना मेंदी लागते आणि अख्ख्या गल्लीच्या भानगडी निवडून पाखडून होतात. पुरुषाला वर जायचं तर आधी हाळी द्यायची, म्हणजे आसपासच्या बायका आडोशाला होतात. सी अय्यादांचा जन्म रेल्वेच्या फलाटावर गाड्यांची नावं पुकारण्यात गेलेला. ते हळू ओरडले तरी निजलेला माणूस सामान उचलून उभा राहायचा.

निवृत्तीनंतर त्या एका घरट्यानं त्यांना वेड लावलं होतं. उन्हाळ्यात उडायला शिकणारी पिल्लं, शरदातलं रिकामं घरटं, हिवाळ्याच्या पावसात काटक्या घेऊन परतलेली जोडी, असे तीन ऋतू कॅमेऱ्यात आले होते. गावच्या प्रदर्शनात 'एका घरट्याचे चार ऋतू' म्हणून त्यांच्यासाठी एक भिंत राखून ठेवलेली होती. वसंताची चौकट तेवढी रिकामी होती आणि फोटो द्यायची मुदत उद्या सकाळी संपत होती.

"लावा त्या चौकटीत शेपूट," असं म्हणून त्यांची बायको रकिया बादली-टॉवेल घेऊन हमामला निघून गेली. दर गुरुवारी गेली की तीन तास परत यायची नाही.

सी अय्यादांची नजर खुंटीवरच्या तिच्या टोपीवाल्या झग्यावर पडली.

पाच मिनिटांत, टोपी कपाळावर ओढलेली आणि तोंडाला रुमाल बांधलेली एक धिप्पाड बाई मुकाट्यानं गच्चीवर येऊन वाळत्या चादरींमागे बसली. रकियाच्या चपलांत पाय शिरेनात, म्हणून पायांत आपल्याच पिवळ्या सपाता होत्या. करकोचा ढिम्म हलला नाही. पिल्लांनी चोची वर केल्या. सी अय्यादांनी श्वास रोखला.

"रकिया!"

शेजारच्या गच्चीवर लाल्ला तामू उभी होती. सी अय्यादांनी टोपी आणखी खाली ओढली. दोन वर्षांपूर्वी ईदला नेलेलं कुसकुसचं पातेलं तामूनं पोचा पाडून परत केलं, तेव्हापासून दोघींत बोलणं नव्हतं. तामू दिसली की रकिया दार आपटून खाली जायची.

"आज दार नाही आपटलंस, म्हणजे राग निवला म्हणायचा," तामू कठड्याशी आली. "हे बघ, लाज सोडून बोलते. माझ्या बद्रनं धोशा लावलाय. करीन तर तुझ्या घिझलानशीच करीन म्हणतो. अन्न गोड लागेना झालंय त्याला. आणि तुझ्या पोरीचंही... जाऊ दे, तू आई आहेस, तुला काय दिसत नसेल?"

सी अय्यादांना यातलं काहीही कधी दिसलं नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की करकोच्याची मादी घिरट्या घालत घरट्याकडे येतेय आणि ही बाई गप्प बसली नाही तर ती उतरायची नाही. ते जोरजोरात मान हलवू लागले. म्हणजे, बाई, पुरे, जा आता.

"हो म्हणतेस?" तामूचा विश्वास बसेना. "खरंच हो?"

त्यांनी आणखी जोरात मान हलवली.

"मग येतेच संध्याकाळी मागणीची साखर घेऊन!" म्हणत तामूनं जिभेनं लुलुलुलु करून अशी आनंदाची ललकारी दिली की मादी आल्या वाटेनं परत गेली आणि नर पाठ करून उभा राहिला. दोनशे तेरावं शेपूट मिळालं.

संध्याकाळी दारात तामू, तिच्यामागे कानशिलं लाल झालेला बद्र आणि त्याच्यामागे निळ्या कागदातल्या साखरेच्या उंच ढेपा घेतलेल्या चार मावश्या.

"हे काय गं?" रकिया गोंधळली.

"काय म्हणजे? सकाळी गच्चीवर तूच हो म्हणालीस ना!"

"मी? सकाळी मी तर ह..." रकिया थांबली. तिनं खुंटीकडे पाहिलं. झगा उलटा टांगलेला होता. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. सी अय्याद भिंतीचा रंग तपासत होते.

खरं सांगावं तर बायकांच्या गच्चीवर बायकोच्या कपड्यांत बसणारा म्हणून गावात तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती. गप्प बसावं तर पोरीचं लग्न एका शेपटापायी ठरणार. आपल्या अब्रूचं काय घेऊन बसलात, असं स्वतःला बजावून त्यांनी घसा खाकरला. "लाल्ला तामू, त्याचं असं झालं, सकाळी गच्चीवर..."

"मीच होते," रकिया म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती. चहाचं तबक घेऊन घिझलान तिथे उभी होती. तबकातले पेले किणकिणत होते आणि पोरीच्या तोंडावरचं हसू काही केल्या लपत नव्हतं.

"पण पातेल्याचा पोचा मी विसरलेले नाही हं," रकियानं बजावलं.

"माहीत आहे बाई, नवं आणलंय!" शेवटच्या मावशीनं झगझगीत पातेलं पुढे केलं आणि दोन वर्षांच्या अबोल्यानंतर दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

ललकाऱ्यांनी घर दणाणलं. गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका आत शिरल्या. तेव्हा सी अय्यादांच्या डोक्यात प्रकाश पडला. सगळ्या इथे, म्हणजे वर कोणी नाही! कॅमेरा घेऊन ते अनवाणी, हाळी न देता जिना चढले. मावळतीचं ऊन घरट्यावर होतं. मादी नुकतीच उतरत होती. जोडीनं माना मागे टाकून चोची खडखडवल्या आणि मधून तीन इवल्या चोची वर आल्या. सी अय्यादांनी बटण दाबलं आणि मग त्यांना रडूच आलं.

प्रदर्शनात चौथ्या चौकटीपुढे गर्दी हटेना. विहीणबाई तामू हळूच त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"फोटो झकास आलाय, सी अय्याद. पण पुढच्या वसंतात सपाता तेवढ्या बदला. पिवळ्या सपाता घालणारी बाई या गावात मी अजून पाहिलेली नाही."

सी अय्याद गार पडले. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मला बघून रकिया कधी बसून राहील का?" तामू म्हणाली. "तिला विचारलं असतं तर पुन्हा दार आपटलं असतं तिनं. म्हटलं, ज्याला मान हलवायची घाई आहे त्यालाच विचारावं."