कमकुवत भाग शोध समिती

दादाच्या गाडीतल्या तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन तडकला, ही वार्ता घरातल्या सर्वांना सकाळी नाश्त्याच्या वेळी रीतसर कळवण्यात आली. कळवणारी दादाची मुलगी. तिला आम्ही भिंगरी म्हणतो. घाटाच्या शर्यतीचा सराव करताना तिनेच तो तडकवला होता, पण कागदोपत्री त्याची नोंद 'पिस्टन स्वतःहून तडकणे' अशी आहे. शर्यत बारा आठवड्यांवर होती आणि पंचविशीपर्यंतच्या नवोदितांसाठी होती. भिंगरीची पंचविशी यंदा संपत होती. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

मिस्त्रींनी इंजिन उघडून पाच मिनिटांत निकाल दिला.

"मूळचे पिस्टन ओतीव असतात. साच्यात धातू ओतला की झाला. रोजच्या जाण्यायेण्याला काही होत नाही त्यांना, पण ही पोरगी पिळते गाडीला. घडीव टाका, ठोकून-दाबून बनवलेले. चार पिस्टन, बास. तीन आठवड्यांत गाडी दारात."

इतका सोपा उपाय दादाला संशयास्पद वाटला. दादाने चौतीस वर्षे नळखरेदी विभागात काढली आहेत. त्याच्या कारकिर्दीत एकही नळ चुकीचा घेतला गेला नाही. शेवटची अकरा वर्षे तर एकही नळ घेतलाच गेला नाही. अशा माणसाने उठून चार पिस्टन आणावेत, हे शोभले नसते. त्याने समिती नेमली.

अध्यक्ष दादा. सदस्य वहिनी, कारण इंजिन तिच्या जेवणाच्या टेबलावर येणार होते. अक्षर बरे म्हणून मी सचिव. भिंगरीला वाहन चालवण्याचा अनुभव असल्यामुळे ती निष्पक्ष राहणार नाही असे ठरले आणि तिच्याकडे बाद मालाची विल्हेवाट सोपवण्यात आली. बाद झालेली वस्तू त्याच दिवशी घराबाहेर गेली पाहिजे, आणि तिने 'मिळाला' म्हणून सही दिली पाहिजे, असा नियम झाला.

समितीचे धोरण एका ओळीचे होते: सर्वांत कमकुवत भाग शोधून बदलणे. पहिल्या सभेत घडीव पिस्टन मंजूर झाले. जुने चारही, त्यांतले तीन धडधाकट असताना, बाद झाले. भिंगरीने सही केली.

"आता पिस्टन दणकट झाले," दादा म्हणाला, "म्हणजे घोडं आता कनेक्टिंग रॉडपाशी पेंड खाणार."

पिस्टनला खालच्या फिरत्या क्रँकशी जोडणारा तो दांडा दोन आकारांत मिळतो. एकाचा छेद इंग्रजी आय अक्षरासारखा, दुसऱ्याचा एचसारखा. यावर तीन आठवडे गेले. "एचला दोन उभ्या दांड्या आहेत, आयला एकच," वहिनी म्हणाली. "दोन केव्हाही बऱ्या." इतका मुद्देसूद अभिप्राय त्या तीन आठवड्यांत दुसरा आला नाही. मिस्त्रींना विचारले तर ते म्हणाले, "या गाडीला दोन्ही चालतात." तुलनात्मक तक्त्यात 'चालतात' असा रकानाच नव्हता, म्हणून त्यांचे मत नोंदवता आले नाही.

दांडे बदलल्यावर त्यांचे बोल्ट कमकुवत ठरले. बोल्टनंतर क्रँक. घडीव क्रँक आल्यावर हे सगळे ज्यात बसते त्या ब्लॉकच्या भिंती पातळ वाटू लागल्या, मग क्लच आणि गिअरबॉक्स एकमेकांच्या तुलनेत आलटून पालटून अशक्त दिसू लागले. कितीही भाग बदलले तरी उरलेल्यांत एक सर्वांत कमकुवत असतोच, हे मला नवव्या सभेत सुचले. पण सचिवाला मत नसते.

"अहो, गाडीची ताकद एकशे दहा घोड्यांची," मिस्त्री कळवळून म्हणाले, "आणि तुमचं इंजिन आता सातशेचा मार सोसेल. नाकापेक्षा मोती जड झालाय, दादा!"

"मग नाक बदलावं लागेल," दादा गंभीरपणे म्हणाला. मी तसे नोंदवले.

भिंगरी मात्र कुरकुर न करता प्रत्येक वेळी सही करी आणि बाद माल उचलून नेई. आजकालच्या मुलांत अशी शिस्त दिसत नाही, असे आम्ही कौतुकाने बोलत असू. तिच्या नखांतले ग्रीस निघत नाही याबद्दल वहिनी तेवढी चिडे.

अकराव्या आठवड्यात सर्व भाग दणकट झाले आणि समितीपुढे एकच कमकुवत भाग उरला. चालक. दादाने तिची मान, मनगटे आणि वजन मोजले. मला निष्कर्ष वाचून दाखवावा लागला: "चालक, नग एक. वर्ग: ओतीव. बाद."

"ओतीव?" वहिनी ताडकन उठली. "माझी पोर ओतीव? पंचवीस वर्षं ठोकून-ठाकून घडवलीय मी तिला!"

"तसा दाखला आहे का?" अध्यक्षांनी विचारले.

वहिनीने सदस्यत्वाचा राजीनामा दिला आणि टेबल परत मागितले. मला खरोखर वाईट वाटले. पोरीचे वर्ष आम्ही तिघांनी मिळून खाल्ले होते, आणि तेही सुवाच्य अक्षरात. भिंगरीने मात्र हसत पावती लिहून दिली. 'बाद चालक, नग एक. मिळाला.' खाली सही.

शर्यतीला दादा आणि मी निरीक्षक म्हणून गेलो. अकरावी गाडी सुटली आणि दादाने माझा दंड धरला. मिस्त्रींच्या अंगणात आमच्याच मॉडेलची एक हिरवी गाडी वर्षानुवर्षे इंजिनाविना उभी होती, तिच्या सीटवर मांजर झोपायचे. तीच ती. एक दार पांढरे. स्टिअरिंगवर भिंगरी.

एकतिसांत चौथी आली.

"पिस्टन तुमचेच," मिस्त्री म्हणाले. "तीन चांगले होते, चौथा भंगारातून आणून वजन जुळवलं. दांडे, क्रँक, ब्लॉक, गिअरबॉक्स, एकेक करून तुम्हीच पाठवलंत. फक्त चालवायला कुणी नव्हतं. मागच्या आठवड्यात तेही पाठवलंत."

दादाचे डोळे भरून आले. तो लेकीजवळ गेला, तिच्या ग्रीसच्या हातांत हात दिला, बराच वेळ सोडला नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "नोंद कर. समितीने बाद केलेला माल समाधानकारक."

आमचे इंजिन अजून वहिनीच्या टेबलावरच आहे. ते सुरू करण्याचा ठराव फेटाळला गेला, कारण सुरू केल्याने झीज होते.

आता एकच. इतक्या सभांत ब्रेकबद्दल एक अक्षरही निघाले नाही, हे मघापासून तुमच्या मनाला टोचत असेल. कमकुवत तेच असणार, असेही वाटले असेल. वाटले ना? समितीत वहिनीची जागा रिकामी आहे. सभा दर मंगळवारी, टेबल आपले आणावे.