जिन्यावर समाजजीवन करण्यास मनाई आहे

नंदुरबारच्या गल्लीबोळांत लोक ओट्यांवर बसून एकमेकांत मिसळतात, पण विनापरवाना मिसळतात, ही गोष्ट १९६१ साली एका खात्याच्या ध्यानात आली. खात्याने तातडीने तीन मजली इमारत उभी केली. ओटे रद्द केले आणि त्याबदल्यात तळमजल्यावर 'सामूहिक जीवन कक्ष' दिला. कक्षाला कुलूप होते, कारण उद्घाटन व्हायचे होते. जिना मात्र गवंड्याच्या चुकीने दोन हात जास्त रुंद पडला होता.

फुलवंताबाई गल्ली सोडून दुसऱ्या मजल्यावर राहायला आली ती एक काळजी घेऊनच. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की थोरल्या कोकिळाचे लग्न होते. रुखवतात घरचे पापड नसले तर व्याही जन्मभर ऐकवणार, आणि पापड हे काय एकटीचे काम आहे? उडदाचे पीठ एकदा कुटले की कुणासाठी थांबत नाही.

चैत्रातल्या एका सकाळी तिने पीठ कुटले आणि भीत भीत शेजारच्या कंचनबाईचे दार वाजवले. मारवाडणीला पापडांचे आमंत्रण लागत नाही. ती पोळपाट घेऊनच बाहेर आली, खालून धनुबाई आली, खोलीत चार पोळपाट मावेनात, आणि घटकाभरात जिना बायकांनी भरला. इमारतीत पहिल्यांदाच कुणीतरी खळखळून हसले. फुलवंताबाई लाट्या करायला बसली.

तेवढ्यात इमारतीवर देखरेख करणारा सुपडू धावत आला.

"माय, जिनावर समाजजीवन करानं मना शे! त्यानाकरता खाले खोली शे."

"तिले त कुलूप शे ना?" फुलवंताबाई म्हणाली.

"आज मी ती उघडी ऱ्हायनू. धुळ्याथून साहेब येई ऱ्हायनात, समाजजीवन देखाले. चला समद्या!"

बायकांना कक्षात खुर्च्यांवर ओळीने बसवण्यात आले. फरशी खराब होऊ नये म्हणून पीठ-पोळपाट वरच ठेवले. बोलले की कक्ष घुमायचा, म्हणून बोलणेही मना झाले. साहेबांची जीप यायला दुपार कलली.

"साहेब, मन्हं पीठ सुकी ऱ्हायनं," फुलवंताबाई न राहवून उठली. "पोरनं लगीन शे."

"अभिनंदन!" साहेब गहिवरले. "घरची मंगल वार्ता आपण चारचौघींत सांगता. खात्याला हेच अभिप्रेत होते. बसा."

साहेब गेल्यावर ती धापा टाकत वर आली. पिठाचा दगड झाला होता. ती पदर तोंडाला लावून रडली.

"रडू नको बैन, सकाय परत कुटूत," कंचनबाई म्हणाली.

पण दुसऱ्या दिवशी जिन्यात सुपडू काठी घेऊन बसला होता. कक्षाला पुन्हा कुलूप होते, कारण उद्घाटन अजून व्हायचेच होते. पापड शेवटी बाजारातून आणले, आणि व्याह्यांनी जे ऐकवायचे ते भर मांडवात ऐकवले.

साहेबांचा अहवाल उत्तम झाला. योजना यशस्वी ठरून गावोगाव गेली. नव्या आराखड्यात जिन्याची चूक तेवढी दुरुस्त करण्यात आली.

तुमच्याही इमारतीत खाली असा एक कक्ष असेलच. त्याची किल्ली कुणाकडे असते, ते तुमच्या समोरच्या दारातल्यांना विचारून बघा. काय हो, नाव काय त्यांचे?