मामाच्या वळणावर गेलेला बापू

ही गोष्ट सांगायची मी कैक वर्षं टाळली. बापूचं नाव निघालं की त्याच्या गमती सांगून मोकळा व्हायचो. गमतींना तोटाही नव्हता.

बापू आमच्या गल्लीतला, म्हशी राखणारा. संध्याकाळी दुधाच्या कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढायचा आणि पेला हातात देताना चेहरा बघून त्याचं खानदान सांगायचा. "पावणं, कान आजोळचा हाय की! आत्या डावखुरी न्हवं?" बहुधा असायचीच. एकदा सोयरीक जुळवायला आलेल्या मंडळींना म्हणाला, "तुमच्यात पुरुष चाळिशीत टकलं हुत्यात, ते आधी सांगा की!" वरबापानं टोपी घट्ट धरली. बापू म्हणाला, "म्हस घेताना तिची आई बघताय, मग जावई करताना लाज कसली?"

स्वतः मात्र शेवटपर्यंत बिनलग्नाचा. नव्वदच्या दशकात एका दुपारी माझ्या घरी आला. मी हायस्कुलात जीवशास्त्र शिकवायचो. दार लोटून म्हणाला, "सर, आई लग्नासाठी मागं लागलीया. मला बायका न्हाय आवडत, पुरुष आवडत्यात. शाहूवाडीचा मामाबी तसाच. दोस्तासंगं भात लावत जल्म काढला त्यानं. ह्ये वंशातनं येतं का? तुमी सांगितलं तर आई ऐकंल."

'माहीत नाही' एवढंच म्हणायचं होतं, पण मास्तराला ते जमत नाही. "असलं वंशातून येत नसतं. लहानपणच्या लाडानं होतं. लग्न कर, सुधारशील," मी ठोकून दिलं. त्याच्या आईनं विचारलं तेव्हा तिलाही तेच सांगितलं.

म्हातारीनं धसकाच घेतला. पाच पोरींवर झालेला लेक. दृष्ट लागू नये म्हणून तिनं त्याला चार वर्षं वेणी घालून परकर नेसवला होता. सगळा दोष तिनं स्वतःवर घेतला. चपला सोडल्या, दर रविवारी अनवाणी जोतिबाचा डोंगर चढू लागली. बापू तिच्या चपला पिशवीत घालून मागनं चालायचा.

बऱ्याच वर्षांनी, दोन हजार सालानंतर, वाचनालयातल्या मासिकात एक लेख वाचला. कुणाची ओढ वाटावी यात आनुवंशिकतेचा काही वाटा असतो; एकच असं जनुक नाही, पुष्कळ गोष्टी मिळून घडतं, आणि बरंच अजून कळलेलं नाही. आईच्या लाडानं असं होतं, याला मात्र काहीच आधार नाही. मी तडक बापूचं घर गाठलं.

"मावशी, मी चुकीचं सांगितलं होतं. तुमचा काही दोष नाही."

"परकराचं न्हाय म्हणता?"

"नाही."

म्हातारी हसतच सुटली. "व्हय की! माझ्या शाहूवाडीच्या दादाला कुणी परकर नेसवला हुता? बापू, आण रं त्या चपला!"

बापूनं गुडघ्यावर बसून तिच्या पायात चपला घातल्या. मला पोचवायला दारापर्यंत आला. "सर, लेख खरा हाय न्हवं?"

"खरा आहे."

"आईसाठी रचला असता तरी चाललं असतं. माझं मला कवाच ठावं हुतं."

तेव्हाच बोलायला हवं होतं. 'बापू, तुझ्यात सुधारण्यासारखं काही नव्हतं, मला माफ कर,' हे वाक्य तो असेपर्यंत मी कितीदा तरी कट्ट्यावर नेलं, आणि दूध पिऊन तसंच परत आणलं.