रावसाहेबांचं लिव्हर आणि कांद्याची सालं

“सहा आठवड्यांत या लिव्हरला सुतासारखं सरळ करतो की नाही बघ!” रावसाहेबांनी सोनोग्राफीचा रिपोर्ट टेबलावर आपटला. फॅटी लिव्हर, ग्रेड टू! आजारापेक्षा त्या ग्रेडचाच त्यांना संताप आला होता. ऑफिसात वीस वर्षं ग्रेड टूचे हेडक्लार्क म्हणून सडले, आणि आता पोटातही तीच!

डॉक्टरांनी तळलेलं बंद करून रोज चालायला सांगितलं. बायकोने सोबतीला आपला भाऊ नेमला. हा मेहुणा दर दहा पावलांवर थांबवून दीर्घ श्वास घ्यायला लावायचा. त्यापेक्षा लिव्हर गेलेलं परवडलं! शिवाय रावसाहेबांनी मासिकात वाचलं होतं, वनस्पतींतले फ्लॅव्होनॉइड्स लिव्हरची चरबी उतरवू शकतील, आणि कांद्याच्या सालांत ते भरपूर असतात.

“सहा आठवडे चालणं बंद! रिपोर्ट सुधारला तर कायमचं रद्द!”

“आणि बिघडला तर सकाळी सहाला गेटपाशी,” बायको म्हणाली.

घरात कांदे दोघांपुरतेच. म्हणून रावसाहेब ऑफिसच्या कॅन्टीनमधली सालं गोळा करून, उकळून प्यायला लागले. एकदा कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात असताना टायपिस्टबाईंनी पाहिलं.

“अगंबाई! घरी जेवायला मिळत नाही का हो?”

“औषध आहे ते!”

“किती मानी माणूस!” बाई डोळे पुसत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून टेबलावर डबे! तळलेले बटाटे, तळलेले मासे, लोण्याने माखलेला केक. एवढी माणुसकी या लोकांनी बढतीच्या वेळी कुठे लपवली होती?

“मी उपाशी नाही!” रावसाहेब कडाडायचे.

“खा हो, वहिनींना कळणार नाही,” कॅशियर पाठ थोपटायचा.

अन्न टाकवत नाही म्हणून रावसाहेब चिडून चिडून सगळं संपवायचे.

सहा आठवड्यांनी रिपोर्ट आला. ग्रेड थ्री! आयुष्यातली पहिली बढती!

“मासिकात तर चरबी उतरली होती!” ते डॉक्टरांवर उखडले.

“उंदरांची,” डॉक्टर म्हणाले. “आणि तुमचं वजन पाच किलो कसं वाढलं?”

रावसाहेब छताचा पंखा बघू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मेहुणा गेटपाशी हजर. आज मात्र त्याने श्वासाचं नाव काढलं नाही. वळणावरच्या बाकावर त्यांना बसवलं, मागेपुढे पाहिलं आणि पिशवीतून डबा काढला.

“भाऊजी, तुमच्या टायपिस्टबाई भेटल्या होत्या. ताई अशी वागेल असं वाटलं नव्हतं हो! घ्या, तळलेले बटाटे आहेत.”

“अरे, सगळ्यांनी मिळून माझा जीव घ्यायचं ठरवलंय का?” रावसाहेब कडाडले. त्याच संतापात त्यांनी झाकण उघडलं, एक बटाटा तोंडात टाकला आणि पुन्हा कडाडले, “आणि मीठ कुठाय?”