साबणाला पाणी

"माझा साबण पन्नास वर्षं टिकेल!" मुकादमांनी फोनवर जाहीर केलं.

"मग गिऱ्हाईक दुसरी वडी घ्यायला कधी येणार, बाबा?" लेकीने विचारलं.

मुकादमांनी हा प्रश्न ऐकलाच नाही. उभा जन्म त्यांनी इमारती बांधून घेण्यात घालवला होता. लवकर झिजते ती वस्तू त्यांच्या लेखी वस्तूच नव्हती.

खरं तर साबणाशी त्यांचं काही नातं नव्हतं. वर्षापूर्वी बायको गेली, तेव्हापासून ते घरात बसून असत. लेक म्हणत होती, "घर विका आणि माझ्याकडे या." मुकादमांना जायचं नव्हतं. इथे ते अजूनही चुकून दोन कप चहा टाकत. लेकीकडे अशी चूक करायची सोय नव्हती. पण हे लेकीला सांगायचं कसं? म्हणून ते म्हणाले, "मला वेळ कुठे आहे? मी उद्योग सुरू करतोय!"

"कसला?"

मुकादम तेव्हा हात धूत होते. "साबणाचा!"

लेकही त्यांचीच. "ठीक आहे. महिन्याने येते. तुमच्या साबणाने माझे हात धुतले गेले, तर राहा खुशाल. नाही तर त्याच दिवशी सामान बांधायचं!"

मोबाइलवर साबण शिकवणारी एक बाई सापडली. तिने सांगितलं तसं मुकादमांनी सगळं केलं. हातमोजे घातले, पाण्यात कॉस्टिक सोडा हळूहळू सोडला, निवू दिला, खोबरेल तेलात ओतून घोटला. साचे मात्र स्वतः फळ्या ठोकून केले, पाणसळ लावून, अगदी समतल! दुसऱ्या दिवशी अशा वड्या निघाल्या, की त्यांच्यावर एक मजला चढवावा.

खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई बघायला आल्या. "अहो मुकादम, जमलं की!"

"जमणारच! अजून पक्क्या व्हायच्यात."

इथे थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण मोबाइलवरची बाई म्हणाली, "आता या वड्या महिनाभर नुसत्या ठेवा."

"नुसत्या?" मुकादमांनी मोबाइल बंद केला. "या बाईने जन्मात स्लॅब टाकलेला दिसत नाही!"

साच्यात ओतलेली वस्तू नुसती ठेवली की तिला तडे जातात. तिला पाणी मारावं लागतं, सकाळ-संध्याकाळ, न चुकता. हे मुकादमांना झोपेतही ठाऊक होतं. त्यांनी वड्या गॅलरीत मांडल्या, वर ओलं गोणपाट टाकलं आणि पाणी मारायला सुरुवात केली.

काही दिवसांनी वडीत बोट रुतलं.

"पाणी कमी पडतंय," मुकादमांनी निदान केलं.

पाणी वाढवलं. वड्या आणखी मऊ झाल्या. पाणी आणखी वाढवलं! शेवटी त्यांनी गॅलरीच्या मोरीत बोळा कोंबला, कडेने मातीचा बांध घातला आणि आत घोटाभर पाणी साठवलं. असं तळं करून त्यांनी भलेभले स्लॅब पोलादासारखे केले होते. साबणाची काय बिशाद!

साबणाने बिशाद दाखवली ती नेमकी लेक यायच्या दिवशी. मुकादम कोपऱ्यातली वडी चाचपायला वाकले, पाय घसरला, आणि धरायला गेले ते बांधच घेऊन बसले. सगळं तळं घरातून, दारातून, जिन्यावरून निघालं, वरात निघावी तसं!

मास्तरीणबाई तेव्हा पिशवी घेऊन जिना उतरत होत्या. पुढच्या चार पायऱ्या त्या बसूनच उतरल्या.

"मुकादम! हे काय सोडलंत?"

"लागलं का बाई?"

"लागलं नाही, पण मी कधी खाली पोचले तेच कळलं नाही!"

मुकादमांनी घाईघाईने वरून बादलीभर पाणी ओतलं. फेस गुडघ्याला लागला. मास्तरीणबाईंनी आपल्या दारातला खराटा फिरवला. फेस कमरेला लागला!

"आता पाणी ओतलंत ना, तर मुख्याध्यापकांना बोलावेन!" बाई ओरडल्या. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण धमकी तीच.

एवढ्यात खालून फेसातून एक पर्स वर आली. पर्सच्या पाठोपाठ लेक आली, दोन्ही हातांनी कठडा धरून.

मुकादमांनी तशाही अवस्थेत संधी सोडली नाही. "हात धुतले गेले ना?"

"हात? कोपरापर्यंत धुतले गेले! चपला धुतल्या गेल्या, मोबाइल धुतला गेला! बास झालं. सामान बांधा, बाबा. आत्ताच्या आत्ता."

मुकादमांनी मान खाली घातली. ते बॅग काढायला वळले.

"थांबा!" मास्तरीणबाई खराटा आडवा धरून उभ्या राहिल्या. "हा जिना आधी होता तसा करून दिल्याशिवाय हे गृहस्थ कुठेही जाणार नाहीत! घेऊन जाते म्हणे! आणि हे कोणी निस्तरायचं, मी?"

बाईंचं म्हणणं रास्त होतं.

"बरं, राहा तेवढे दिवस," लेक म्हणाली. "किती लागतील?"

मुकादमांनी हळूच मान वर केली. कमरेवर हात ठेवले. पायऱ्या निरखल्या. कठड्यावर टिचकी मारून बघितली. एक भिंत उगाचच हाताने दाबली. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर साइटवरची ती जुनी, गंभीर कळा आली.

"काम वाढलंय, पोरी. सहा महिने धरून चाल."

"सहा महिने? जिना धुवायला?"

"धुवायला," मुकादम म्हणाले. "वाळायला वेगळे."