हेडसेट आणि टँकरचा हॉर्न

"आई, जरा मिक्सर चालू कर ना," ऋतुराज स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला.

"काय वाटायचंय?"

"काही नाही. नुसता चालू कर."

आशाबाईंनी हातातलं पुरणाचं पातेलं खाली ठेवलं आणि वळून पाहिलं. पोराच्या दोन्ही कानांवर वाटीएवढे काळे गोळे होते, डोक्यावरून पट्टा गेलेला होता आणि तोंडापुढे एक वाकडी काडी आलेली होती.

"नुसता मिक्सर फिरवायला लाइट फुकट हाय व्हय? आन् हे काय घातलंस डोस्क्याला?"

"हेडसेट आहे, आई. विमानात घालावा लागतो. आवाजात कसा चालतो ते बघायचंय."

ऋतुराज नुकताच विमानात उजव्या खुर्चीवर बसायला लागला होता, म्हणजे को-पायलट झाला होता. चार दिवसांच्या सुट्टीवर घरी आला होता तो एक कोडं घेऊन. त्याच्याकडे दोन हेडसेट होते. काळा त्याचा स्वतःचा, ट्रेनिंगपासूनचा. मजबूत होता, पण डोक्याला असा आवळून धरायचा की दुसऱ्या फेरीपर्यंत कानशिलं ठणकायला लागायची आणि चष्म्याची काडी कानामागे रुतून बसायची. दुसरा करडा. तो एका कॅप्टनसाहेबांनी निवृत्त होताना प्रेमानं दिलेला. वजनाला हलका, उशा लोण्यासारख्या मऊ, आणि बटण दाबलं की इंजिनाची घरघर जादू केल्यासारखी गायब. "वापरून बघ," ते म्हणाले होते, "जमला तर ठेव. नाही जमला तर ज्याला उपयोग होईल त्याला देऊन टाक." करड्यावर ऋतुराजचा जीव जडला होता. पण पायलटनं जीव जडवून चालत नाही, तपासून घ्यावं लागतं. म्हणून तो सकाळपासून आलटून पालटून दोन्ही घालून घरभर फिरत होता.

आशाबाईंना मात्र यातलं काही ऐकायला सवड नव्हती. अधिक महिना चालू होता, आणि उद्या जावई धोंड्याला यायचा होता. धोंड्याचं जेवण म्हणजे काय गंमत नव्हे. जावयाला पाटावर बसवून आंघोळ घालायची, पाय धुवायचे, नवे कपडे द्यायचे, पुरणाचे धोंडे करून वाढायचे आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. सगळी तयारी झाली होती. नव्हतं फक्त पाणी.

त्या सालात पाऊस रुसला होता. धरणाचा तळ दिसायला लागला होता, आणि चिकलठाण्याच्या पुढे रानात उगवलेल्या त्यांच्या कॉलनीला तर तसाही नळ नव्हता. शहर भराभरा वाढत इथवर आलं, नळ मात्र मागेच कुठंतरी दम खात बसला. ऋतुराजचे वडील पुंजाराम आणि आशाबाई करमाडचं शेत कारखान्यांना देऊन इथं राहायला आले तेव्हा घरावरून विमानं जातात याचंच त्यांना कौतुक होतं. पाणी कुठून येतं हे विचारायचं राहून गेलं. आता आठवड्यातून एकदा लक्ष्मणचा टँकर यायचा. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न द्यायचा. ज्याचा पाइप तयार, त्याचा हौद भरायचा. जो झोपला त्याचं पाणी पुढच्या गल्लीत.

"मी आन् तुझे अण्णा बाजारात चाललो," आशाबाई पिशवी उचलत म्हणाल्या. "जावईबापूंचा टावेल-टोपी राहिलीय. तुला येकच काम सांगते. टँकर आला की पाइप लाव. हौद कोरडा ठणठणीत हाय. उद्या पाव्हण्याचे पाय धुवायला पाणी नसलं ना, तर मी जीव देईन."

"आई, मी दीडशे माणसं घेऊन आकाशात जातो."

"तिथं पाइप लावाया लागत नाय," आशाबाई म्हणाल्या आणि गेल्या.

ऋतुराजला हे जरा लागलं. घरातल्या कामात तो शून्य आहे असं आईचं मत होतं, आणि पुरावेही तिच्याच बाजूचे होते. आज ते मत खोडून काढायचं असं त्यानं ठरवलं. पाइप हौदाशी आणून ठेवला. खुर्ची मुद्दाम ओट्यावर, फाटकाच्या अगदी जवळ मांडली. आणि मग, बसायचंच आहे तर परीक्षाही उरकून घेऊ म्हणून, करडा हेडसेट कानावर चढवला आणि बटण दाबलं.

अहाहा! वरच्या मजल्यावरच्या बांधकामाचं यंत्र, जालना रोडवरचे ट्रक, शेजारच्या वच्छलाबाईंचा कूलर, सगळं विरून गेलं. कानाला कुठं टोचणं नाही, चष्म्याची काडी आहे की नाही हेही कळेना. ऋतुराजनं डोळे मिटले, विमानात बसल्यासारखा ताठ झाला आणि सराव म्हणून काडीत बोलायला लागला. पायलटही तोच, टॉवरवरचा माणूसही तोच.

"औरंगाबाद टॉवर, रनवे दिसतोय, उतरायची परवानगी द्या... परवानगी आहे, वारा शांत, उतरा."

असं तो निदान डझनभर विमानं उतरवून बसला. झोपला मात्र नाही; ही गोष्ट त्यानं नंतर शपथेवर सांगितली. कान हॉर्नकडे लावूनच बसला होता. हॉर्न काही आला नाही.

आल्या त्या आशाबाई. फाटकाची कडी खणखणली आणि ऋतुराजनं डोळे उघडले, तर समोर आई, हातात टॉवेल-टोपीची पिशवी, आणि चेहरा त्या सालच्या आभाळासारखा कोरडा.

"टँकर येऊन गेला," आशाबाई म्हणाल्या.

"नाही गं! मी इथंच बसलोय."

"गल्लीत चिखल झालाय! वच्छलाबाईच्या अंगणातून पाणी वाहून चाललंय! सगळ्यांच्या टाक्या भरल्या, आन् आपला हौद तसाच!"

"पण हॉर्न वाजलाच नाही, आई. देवाशप्पथ."

"लक्षुमनाचा हॉर्न?" मागून पुंजाराम आश्चर्यानं म्हणाले. "आरं, तो हॉर्न दिला की आमच्या करमाडातली म्हातारी उठून बसती."

आशाबाईंची नजर पोराच्या गळ्यात उतरलेल्या हेडसेटवर गेली. मग त्या जे बोलल्या ते सगळं इथं सांगण्यासारखं नाही. थोडक्यात, टँकर ज्याला ऐकू येत नाही त्याच्या विमानात बसणाऱ्या माणसांची त्यांना काळजी वाटत होती. शेजारी जाऊन दोन हंडे मागावेत तर तीही सोय राहिली नाही. "घरात धडधाकट पोरगं असून पाणी भरलं नाय, म्हणून सांगू का लोकांना?" असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

ऋतुराजनं हेडसेट गळ्यातून काढून हातात घेतला. त्याला आईच्या बोलण्यापेक्षाही दुसऱ्याच गोष्टीचा धक्का बसला होता. चांगल्या हेडसेटनं इंजिनाची घरघर गिळायची असते, धोक्याची घंटा नव्हे. टँकरच्या मोटारीचा आवाज आला नाही ते ठीक. ते त्याचं कामच. पण करमाडची म्हातारी उठवणारा हॉर्न गिळला? उद्या विमानात एखादी सूचना वाजली आणि यानं अशीच गिळली तर? लोण्यासारखा मऊ असला म्हणून काय झालं, असला हेडसेट पायलटच्या कामाचा नाही.

"चुकलंच माझं," तो जड मनानं म्हणाला. "हा वापरता येणार नाही."

"मग असं करू," पुंजाराम समजुतीच्या स्वरात म्हणाले. "जावईबापूंच्या कारखान्यात लई दणदणाट असतो. आपली सुरेखा म्हनत व्हती, कानात दडे बसतात त्यांच्या. त्यांना दे हा. त्यांना कुठं इमान उडवायचंय!"

ऋतुराजला कॅप्टनसाहेबांचे शब्द आठवले. उपयोग होईल त्याला देऊन टाक. आशाबाईंना तर हे फारच पटलं. हेडसेट घरातून जाणार होता, आणि वाणाचं ताटही भरगच्च दिसणार होतं. त्यांनी तो लगेच पुसला, हळदकुंकू लावलं आणि अनारशांच्या शेजारी देवघरात ठेवून दिला. रात्री राहवेना म्हणून ऋतुराज म्हणाला, "एकदा परत लावून बघू का?"

"वाणाला ठेवलेल्या वस्तूला हात लावत नसत्यात," आशाबाई म्हणाल्या. विषय मिटला.

दुसऱ्या दिवशी सुरेखा आणि तिचा नवरा बद्रीनाथ चितेगावहून मोटारसायकलवर आले. मागे सुरेखा, आणि सुरेखाच्या मांडीवर पाण्याचा मोठा कॅन.

"हे काय, पाव्हणं?" आशाबाई शरमून म्हणाल्या.

"सगळीकडं तीच गत हाय, मामी," बद्रीनाथ म्हणाला. "म्हटलं, धोंड्याला निघालोय, तर आपल्या पायापुरतं पाणी आपलं आपण घेऊन जावं."

आशाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जावयाचे पाय जावयाच्याच पाण्यानं धुतले गेले. आंघोळीच्या नावानं डोक्यावर चार थेंब शिंपडले. जेवणं झाली, आणि वाणाचं ताट बद्रीनाथच्या हातात आलं. अनारसे, टॉवेल-टोपी, आणि मधोमध कुंकू लावलेला करडा हेडसेट.

"दाजी, हा घाला, बटण दाबा आणि तुमच्या प्रेसमशीनला विसरा," ऋतुराजनं मन मोठं करून सांगितलं.

बद्रीनाथनं तो कानावर चढवला, बटण दाबलं, आणि त्याचा चेहरा असा काही उजळला की सुरेखासुद्धा बघत राहिली. तो तसाच ओट्यावरच्या खुर्चीत जाऊन बसला. 

एवढ्यात फाटकातून वच्छलाबाई आल्या. कमरेवर भरलेला हंडा.

"आशाबाई, हा घ्या हंडा. काल दौलताबादला भावाकडं गेले, नायतर कालच आणून दिला असता. तुमचं पाणी कालच्याला राह्यलं ना, माझ्या जिवाला लई लागलं."

"तुम्हाला कसं कळलं राह्यलं म्हणून?" आशाबाईंनी विचारलं.

"कसं कळलं काय! मीच तर राहू दिलं!"

सगळे वच्छलाबाईंकडे बघायला लागले. त्या अभिमानानं सांगू लागल्या, "आवं, मी पापड टाकायला बाहेर आले, तर तुमचा ऋतुराज हितं बसलेला. डोळे मिटून, कानाला ते यंत्र लावून. 'परवानगी आहे, उतरा' म्हणला, आन् तेवढ्यात बघा, डोक्यावरून खरंच इमान आलं आन् उतरलं की वो खाली! माझं काळीज लटलट कापलं. म्हटलं, पोरगं सुट्टीतबी घरून इमानं उतरवतंय! आन् तेवढ्यात गल्लीच्या तोंडाला टँकर. मी पळत गेले. लक्षुमनाला म्हटलं, मेल्या, हॉर्नला हात लावशील तर बघ. हॉर्न वाजला आन् त्याचं ध्यान हुकलं तर आख्खं इमान आपल्या कॉलनीत पडंल!"

"म्हणजे... हॉर्न वाजलाच नाही?" ऋतुराजनं विचारलं.

"वाजू दिलाच नाय! सगळ्या गल्लीनं बिनाआवाजाचं पाणी भरलं. हंड्याला हंडा लागू दिला नाय. तुमचाबी हौद भरणार व्हते मी, पण तुमच्या फाटकाची कडी लई खणखणती. म्हटलं, पाण्याचं काय, नंतर देता यील. माणसं वाचली पायजेत."

आशाबाईंनी हळूच पोराकडे पाहिलं. काल काय काय बोलून बसलो ते सगळं त्यांना आठवत असावं. पुंजाराम टोपी काढून डोकं खाजवायला लागले.

"म्हणून तर आज लक्षुमनाला परत बोलावलाय, खास तुमच्यासाठी," वच्छलाबाई म्हणाल्या. "आन् सांगितलंय, आज खुशाल वाजव. आज पोरगं ड्युटीवर नाय."

त्यांचं वाक्य संपतंय न संपतंय तोच गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. आणि सगळ्यांच्या आधी ओट्यावरून कोण उठावं? बद्रीनाथ! कानावर करडा हेडसेट, बटणाचा हिरवा दिवा लागलेला.

"टँकर आला!" तो ओरडला आणि धोंड्याचं नवं धोतर आवरत पाइपकडे धावला. पाइप लावता लावता ऋतुराजकडे बघून कौतुकानं म्हणाला, "लई भारी यंत्र हाय वो, मेव्हणं! टँकरच्या मोटारीचा आवाज इतका बी नाय, आन् हॉर्न मातर खणखणीत!"

 ऋतुराजला हेच तर हवं होतं. नेमकं हेच.

हौद भरत होता. पाण्याचा आवाज घरभर घुमत होता, आणि कित्येक दिवसांनी आशाबाईंचा चेहरा भिजल्यासारखा मऊ झाला होता. ऋतुराज त्यांच्याजवळ सरकला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आई, तो हेडसेट..."

"वाण दिलं की दिलं, बाळा," आशाबाई त्याच्याहून खालच्या आवाजात म्हणाल्या. त्यांनी पदरानं त्याच्या कानशिलावरचा घाम पुसला. "माझं चुकलं रं काल. तू लाखात येक हायस. पर जावयाच्या कानातून वस्तू काढून घेत नसत्यात."

"मग मी काय करू?"

 आशाबाई पाइप धरून उभ्या असलेल्या जावयाकडे आणि त्याच्या मऊ मऊ हेडसेटकडे बघून म्हणाल्या, "धोंडा तीन वर्सांनी येतो. तवर लगीन कर, आन् सासूला आधीच सांगून ठेव, कंचा पायजे ते."